डावी चप्पल

पहाटे तीनला चीक मोकळा वाहतो,
ऊन चढलं की झाड हात आखडतं.
म्हणून कपाळाला दिवा बांधून निघते मी,
कमरेला वाकड्या पात्याची सुरी.
साल किती खरवडायची ते सासऱ्याने शिकवलं :
नाण्याच्या जाडीइतकीच.
खोल गेलीस तर झाड रुसेल,
वरवर गेलीस तर चूल.

चारशे दहा झाडं.
त्यातली एकोणतीस आटली,
तरी त्यांच्यापुढेही थांबते क्षणभर,
सवयीने.
करवंटीत ठिबकतो तो दुधासारखा, म्हणतात लोक.
ज्यांनी पंधरा दिवसांनी त्याचा वास घेतला नाही, ते लोक.

गुरुवारी तोके शारगावी येतो ट्रक घेऊन,
हातात फोन, फोनात भाव.
‘सिंगापूर पडलंय,’ म्हणतो.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, काय पडलं?
भिंत? पूल?
तो हसला नाही. म्हणाला, आकडा.
कधी म्हणे चीनमध्ये गाड्या खपल्या नाहीत,
कधी जपानात गोदामं भरली,
कधी नुसताच ट्रकच्या टायरकडे बघत राहतो
आणि मान हलवतो.

साप्रिल म्हणाला, या खेपेला थांबू.
लादी डोहात बुडवून ठेवू,
भाव वर आला की तिलाही वर काढू.
पाण्यात रबर कुजत नाही, जड होतं.
हे तोकेला ठाऊक.
तोकेला ठाऊक आहे, हे आम्हाला ठाऊक.
म्हणून तो शंभरातले पंधरा आधीच कापतो,
आणि तो कापतो म्हणून
आम्ही सालीचा भुगा घालतो त्यात, थोडा.

त्याच आठवड्यात इदहाम घरी आला
एका पायात चप्पल घालून.
बत्तीस हजारांची जोडी,
म्हणजे चार किलो.
करवंटीतलं नव्हे, तोकेच्या काट्यावरचं चार किलो.
नदीने नेली म्हणाला.
मी एक ठेवून दिली.
नदीचं नाव घेतोस? म्हणून आणखी एक.

तीन महिने.
भाव आला नाही, युलिस्नाच्या फीची तारीख आली.
लादी ओढून काढली चौघांनी,
शेवाळलेली, रेड्यासारखी.
तोकेच्या माणसाने कोयत्याने चिरली,
आत दगड आहेत का बघायला,
आणि थरांच्या मधोमध दिसला
निळा पट्टा.

हमाल सुदिन हसत हसत खालीच बसला.
तोकेने चिमटीत धरली ती, काट्यावर टाकली,
दोनशे ग्रॅम वजा केले.
‘हे रबर एकदा विकून झालंय, मरहमा,’ म्हणाला,
‘दुसऱ्यांदा कोण घेणार?’

मी हसले नाही. मी हिशोब करत होते :
कुणाच्या झाडाचा असेल हा चीक,
कुणी कपाळाला दिवा बांधला असेल त्याच्यासाठी,
कुठल्या बंदरातून गेला, कुठे शिजला, निळा झाला,
बोटीने बाजारात परत आला,
आणि चीक ओतायला वाकलेल्या पोराच्या पायातून निसटून
पुन्हा चिकातच जाऊन पडला.
सांगायची भीती वाटली असेल त्याला.
नदी त्याला जास्त भरवशाची वाटली.

तीनदा साबणाने धुतली.
इदहामपुढे ठेवली. तो काही बोलला नाही.
पाय घालून पाहिला :
टाच अंगठाभर बाहेर.
मग म्हणाला, उजवी कुठेय?

उजवी मीच कापली होती रागात,
दाराच्या बिजागरीला तुकडे ठोकले होते.
चांगलं काम देतात.
आज पहाटे तीनला दार उघडलं, कुरकुरलं नाही.
तो झोपलेला होता,
पाय गोधडीबाहेर.
दिवा लावायच्या आधी मी
वीतभर मोजून घेतला.